जुन्या यंत्राचे गिऱ्हाईक आणि नव्या आवृत्तीचा हट्ट

गेल्या हंगामात अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका डाळ मिलच्या कचेरीत घडलेला प्रसंग आधी सांगतो. संध्याकाळची वेळ. तूरडाळीचा ट्रक भरून फाटकाशी उभा. ड्रायव्हर चहा पिऊन दोनदा आत डोकावून गेलेला. हैदराबादकडे माल जायचा म्हणजे परराज्याची वाट, ई-वे बिलाशिवाय ट्रक हलणार नाही. आणि ज्या आज्ञावलीतून हे बिल निघते, तीच उघडेना. पडद्यावर एक चौकट येई, अमुक नावाची फाईल सापडत नाही असे इंग्रजीत सांगे आणि नाहीशी होई.

आज्ञावली लिहिणारा तरुण माझ्या ओळखीचा. त्याच्याबरोबरच मी तेथे गेलो होतो. आदल्या रात्री त्याने गिऱ्हाइकांना नवी आवृत्ती पाठवली होती. इतरांकडे ती चालली, येथे मात्र अडली. मुनीमजी वैतागलेले. "भाऊ, कालपर्यंत चालू होतं, आज कायले बंद पडलं? आमी त काहीच नाही केलं!" तरुण म्हणाला, "काका, तुमचं विंडोज जुनं झालं." त्यावर मुनीमजींनी खिडकीतून बाहेर बोट दाखवले. "जुनं झालं म्हंजे? बाहेरचा वजनकाटा बी जुनाच हाये. चालते नं!"

शेवटी मुनीमजींनी सरकारी संकेतस्थळावर एकेक रकाना हाताने भरून बिल काढले. ट्रक रात्री नऊला गेला. तरुणाने जुनी आवृत्ती परत बसवून दिली आणि खाली मान घालून बाहेर पडला.

दोष कोणाचा? वाटेत मी त्याला हेच विचारले. कारण असे निघाले की, आज्ञावली पायथॉन या संगणक भाषेत लिहिलेली. पूर्वी तो या भाषेची ३.८ ही आवृत्ती वापरीत असे. नवी सोय हवी म्हणून त्याने ३.११ घेतली. पायथॉनची ३.९ पासून पुढची एकही आवृत्ती विंडोज ७ वर चालत नाही, आणि मिलच्या कचेरीतील यंत्रावर विंडोज ७ होते. ही गोष्ट त्याला माहीत नव्हती असे नाही, पण आपल्या किती गिऱ्हाइकांकडे विंडोज ७ आहे हे त्याने कधी मोजले नव्हते. माझ्या मते खरी चूक ही. भाषेची आवृत्ती निवडताना त्याला वाटले की आपण आपल्या टेबलावरचे अवजार बदलत आहोत. प्रत्यक्षात तो गिऱ्हाइकाचे यंत्र बाद करीत होता.

वऱ्हाडातील वाचकांना हा प्रश्न समजावून देण्यासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. मूर्तिजापूरचे स्टेशन आठवा. यवतमाळ आणि अचलपूरकडून अडीच फुटी रुळावरून 'शकुंतला' येई आणि तिच्यातला कापूस मुंबईच्या मोठ्या रुळावरील डब्यांत पालटून भरावा लागे. ती गाडी १९९४ पर्यंत वाफेवर चालली, नंतर डिझेलवर आली, आता बंद आहे. किंवा अकोट लाइनचेच पाहा. अकोला ते अकोट ही मीटर गेज गाडी २०१७ च्या सुरुवातीस बंद झाली आणि मोठ्या रुळावरील गाडी सुरू झाली नोव्हेंबर २०२२ मध्ये. रूळ बदलणे चूक होते असे कोणीही म्हणणार नाही. पण जुना रूळ उखडल्यापासून नवी गाडी येईपर्यंत जवळजवळ सहा वर्षे अकोटकरांनी एस.टी. आणि काळी-पिवळीचे भाडे भरले. तो खर्च रेल्वेच्या कोणत्याही हिशेबात दिसत नाही. संगणकाच्या धंद्यातही आवृत्ती बदलताना असाच खर्च होतो. जो बदल करतो त्याच्या खात्यावर तो पडत नाही आणि जो भरतो त्याला कोणी विचारलेले नसते.

पायथॉनचाच इतिहास थोडा पाहू, कारण या विषयावर जगाने घेतलेला सर्वात मोठा धडा तोच आहे. या भाषेची तिसरी पिढी ३ डिसेंबर २००८ रोजी आली. दुसऱ्या पिढीत लिहिलेली आज्ञावली तिच्यात जशीच्या तशी चालत नव्हती. काही ठिकाणी ती सरळ बंद पडे, आणि ते एक वेळ बरे म्हणायचे. खरी भीती होती ती न बोलता बदललेल्या गोष्टींची. ७ ला २ ने भागा म्हटले तर पायथॉन २ उत्तर देई ३. पायथॉन ३ देते ३.५. आता हा भागाकार एखाद्या अडत्याच्या हमाली-तोलाईच्या हिशेबात असेल तर काय होईल, हे व्यापारी वाचकांना मी सांगायला नको. चौकट येणार नाही, घंटा वाजणार नाही, फक्त आकडा बदलेल.

मग हा बदल केलाच कशासाठी? कारण फायदाही तेवढाच मोठा होता. पायथॉन २ मध्ये साध्या पद्धतीने 'अकोला' असे लिहून त्याची लांबी विचारली तर युटीएफ-८ साठवणीत उत्तर येई १५. पायथॉन ३ म्हणते ५: अ, क, ओकार, ल आणि काना. म्हणजे नव्या पिढीने मजकुराला मजकूर म्हणून ओळखले, जुनी पिढी त्यातील सुटे बाइट मोजत बसे. ज्यांचा सारा व्यवहार इंग्रजीत चालतो त्यांना याचे महत्त्व कळणार नाही. ज्यांना गिऱ्हाइकाचे नाव मराठीत, उर्दूत किंवा गुजरातीत छापायचे आहे त्यांच्यासाठी एवढे एक कारणसुद्धा पुरे होते.

तरीही लोक हलले नाहीत. पायथॉन २ प्रथम २०१५ साली बंद व्हायचे होते. जगभर एवढे काम त्यावर उभे होते की २०१४ मध्ये मुदत पाच वर्षांनी वाढवून द्यावी लागली. १ जानेवारी २०२० रोजी ती संपली आणि त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये २.७.१८ ही अखेरची आवृत्ती निघाली. अकरा वर्षांहून अधिक काळ दोन्ही पिढ्या शेजारी शेजारी नांदल्या. शेकडो आज्ञावली अशा होत्या की ज्यांचे लेखक एकच ओळ दोन्ही पिढ्यांत चालावी म्हणून कसरत करीत. मूर्तिजापूरच्या फलाटावर गाठी इकडून तिकडे टाकणाऱ्या हमालांसारखेच ते काम.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण घ्यायचे तर मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे घ्यावे. 'ईआरपीनेक्स्ट' ही तिची आज्ञावली हिशेब, साठा, खरेदी-विक्री असे सारे सांभाळते, कोणालाही फुकट उतरवून घेता येते आणि देशोदेशीचे कारखानदार ती वापरतात. हीदेखील पायथॉनमध्येच लिहिलेली. काही काळ दोन्ही पिढ्या सांभाळल्यावर २०२१ साली आलेल्या तेराव्या आवृत्तीत कंपनीने पायथॉन २ सोडले. तोवर ती भाषा अधिकृतपणे बंद होऊन वर्ष उलटले होते, तेव्हा तक्रारीला फारशी जागा नव्हती. पण पुढच्याच, २०२२ च्या चौदाव्या आवृत्तीत कंपनीने पायथॉन ३.१० ही किमान अट घातली. ३.१० तेव्हा जेमतेम दहा महिन्यांची होती. ज्यांचे सर्व्हर उबंटूच्या २०.०४ या आवृत्तीवर होते त्यांच्याकडे मुळात ३.८ येई. त्यांना एक तर सर्व्हरची सारी प्रणाली बदलणे भाग पडले किंवा नवी भाषा वेगळी आणून बसवणे.

हे बरोबर की चूक? मला वाटते फ्रॅपेसाठी ते बरोबर होते, आणि याचे कारण लक्षात घेतले पाहिजे. एक म्हणजे तेरावी आवृत्ती त्यांनी लगेच वाऱ्यावर सोडली नाही. चौदावी आल्यावरही तिच्यात दुरुस्त्या होत राहिल्या. घाई नसलेल्याला थांबण्यास जागा होती. दुसरे म्हणजे ही आज्ञावली सर्व्हरवर चालते. दुकानदारासमोर असतो तो केवळ ब्राउझर. सर्व्हर सांभाळणारा माणूस जाणकार असतो किंवा त्याने तसा माणूस पगारावर ठेवलेला असतो. आपल्या डाळ मिलच्या मुनीमजींची गोष्ट तशी नाही. त्यांच्या टेबलावरच्या यंत्रातच सारे भरलेले. मोठ्या कंपनीने असे केले म्हणून आम्हीही करतो, हे अकोल्याच्या तरुणाने म्हणणे म्हणूनच चुकीचे आहे. ज्याचे गिऱ्हाईक वेगळे त्याची आवृत्तीही वेगळी असणार.

येथे उलट बाजूचीही चूक सांगून टाकतो. ज्यांची आज्ञावली इंटरनेटवर, स्वतःच्याच सर्व्हरवर चालते, त्यांनी जुनी भाषा कवटाळून बसण्यास आळसाखेरीज दुसरे कारण नाही. आपल्याकडे शाळा, संस्था, ट्रस्ट यांची कितीतरी संकेतस्थळे कोणीतरी एकदा पीएचपी ५ मध्ये बनवून दिली आणि पैसे घेऊन तो मोकळा झाला. डिसेंबर २०१५ मध्ये पीएचपी ७ आली. तिने माहितीसाठ्याशी बोलण्याची जुनी पद्धतच काढून टाकली. ५.६ ची सुरक्षा-दुरुस्ती ३१ डिसेंबर २०१८ रोजी संपली. तरीही 'चालत्या गाडीला खीळ कशाला' म्हणून ती संकेतस्थळे तशीच ठेवली गेली. गाडी चालती आहे हे खरे, पण तिचे दार रात्रभर उघडे असते.

या उघड्या दाराचा धोका पुष्कळांना काल्पनिक वाटतो. आमच्या दुकानात चोरण्यासारखे काय आहे, असे ते विचारतात. दोन घटना सांगतो. उर्दू छपाईच्या धंद्यात असलेल्या बांधवांना 'इनपेज' ठाऊक आहे. नस्तालीक लिपीतील निकाहपत्रिका, पोस्टर, वर्तमानपत्रे यांचे काम वर्षानुवर्षे त्यावर चालत आले. कित्येक छापखान्यांत तिची जुनी आवृत्तीच चालू असते, कारण जुन्या फाइली तिच्यातच नीट उघडतात. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने जाहीर केले की इनपेजमधील एका त्रुटीचा फायदा घेऊन आशियातील बँकांवर हल्ले झाले आहेत. हल्लेखोर साध्या उर्दू मजकुराच्या फाइलीतून आत शिरत होते. दुसरी घटना २७ जून २०१७ ची. युक्रेनमध्ये हिशेब-कराच्या कामाला वापरली जाणारी एक आज्ञावली होती. तिच्या नव्या आवृत्तीबरोबर विष पसरले, न दुरुस्त केलेल्या विंडोज यंत्रांतून ते पुढे सरकत गेले आणि ज्या बंदरातून विदर्भाचा माल परदेशी जातो त्या न्हावा शेवा येथील एका टर्मिनलचे काम त्याने थांबवले. त्या सर्वांत मुळाशी होती एक हिशेबाची आज्ञावली, आपल्याकडच्या कोणत्याही 'जीएसटी बिलिंग'सारखी! नवी आवृत्ती घेतली तरी धोका, न घेतली तरी धोका, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. म्हणून तर निर्णय विचारपूर्वक घ्यायचा.

अकोल्यात आज काय चालते, याकडे वळू. कोणत्याही पेठेत फिरलात तर तीन पिढ्यांच्या आज्ञावली एकाच रांगेत सापडतील. नव्वदच्या दशकात फॉक्सप्रोमध्ये लिहिलेले, काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांचे अडतीचे हिशेब अजून एखाद्या दुकानी दिसतात. डॉसवरच्या या आज्ञावली सोळा-बिट जातीच्या. चौसष्ट-बिट विंडोजवर त्या चालत नाहीत, आणि विंडोज ११ मध्ये चौसष्ट-बिटाशिवाय दुसरा प्रकारच नाही. डॉसबॉक्ससारखी युक्ती लावून त्या चालवता येतात, पण प्रिंटर जोडताना जीव जातो. त्यानंतरची पिढी व्हिज्युअल बेसिक आणि व्हिज्युअल फॉक्सप्रोची. फॉक्सप्रोची यापुढे नवी आवृत्ती नाही, असे मायक्रोसॉफ्टने मार्च २००७ मध्येच सांगून टाकले आणि जानेवारी २०१५ पर्यंत दुरुस्ती चालू ठेवली. जवळजवळ आठ वर्षांची सूचना! मायक्रोसॉफ्टची स्तुती करण्याची वेळ फारशी येत नाही, पण या बाबतीत तिने सावकाराला लाजवील अशी मुदत दिली. तिसरी पिढी आजच्या तरुणांची, पायथॉन, जावा आणि मोबाइलची.

या तरुणांचा एक आवडता युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. भाषेच्या मालकांनीच आवृत्ती बंद केली, मग आम्ही ती का सांभाळायची? पायथॉनचा आता ठरलेला नेम आहे. ३.९ पासून दर ऑक्टोबरला नवी आवृत्ती येते आणि प्रत्येक आवृत्तीला पाच वर्षे आयुष्य. ३.९ आली ऑक्टोबर २०२० मध्ये, संपली ऑक्टोबर २०२५ मध्ये. हिशेब सोपा आहे, आणि नेम असणे केव्हाही चांगले. पण मालकाने सोडली म्हणजे सर्वांनी सोडली असे होत नाही. ३.६ ला पायथॉनवाल्यांनी डिसेंबर २०२१ मध्ये निरोप दिला, तरी रेड हॅट कंपनी आपल्या आठव्या लिनक्स आवृत्तीबरोबर तीच ३.६ २०२९ पर्यंत सांभाळणार आहे, कारण तिची गिऱ्हाइके बँका आणि सरकारी कचेऱ्या आहेत आणि ती त्याचे पैसे मोजतात. म्हणजे मुदत भाषेची नसते, मुदत असते करार करणाऱ्यांची.

शिवाय या ऑक्टोबरच्या नेमात आपल्याकडची एक मोठी अडचण आहे, जिचा विचार पायथॉनवाल्यांनी करण्याचे काही कारणही नाही. ऑक्टोबर म्हणजे वऱ्हाडात काय? सोयाबीन बाजारात आलेले, दसरा-दिवाळी तोंडावर, कापसाची आवक सुरू होण्याच्या बेतात. पुढे डिसेंबरअखेर जीएसटीचे वार्षिक विवरण. जानेवारी-फेब्रुवारीत तूर, तिच्या पाठोपाठ हरभरा आणि लगेच मार्चअखेर. या सहा महिन्यांत अडत्याच्या, जिनिंगवाल्याच्या किंवा डाळ मिलच्या संगणकाला हात लावणे म्हणजे पेरणीच्या दिवशी बैल बदलण्यासारखे आहे. आवृत्ती सोडायचीच असेल तर ती जून-जुलैत सोडावी. तेव्हा शेतकरी शेतात असतो, बाजार मंद असतो आणि मुनीमजींना नव्या पडद्याची सवय करायला दोन महिने मिळतात. आणि तिची सूचना द्यावी आदल्या वर्षीच्या १ एप्रिलला, नव्या वह्या सुरू होतात तेव्हा. म्हणजे सव्वा वर्ष होते. ऑक्टोबर ते जुलै या नऊ महिन्यांत मुदत संपलेली आवृत्ती चालवण्याचा थोडा धोका राहतो हे मी नाकारत नाही. ज्या गिऱ्हाइकाच्या यंत्राला इंटरनेट लागते त्याला तो धोका स्पष्ट सांगावा. पण भर हंगामात ट्रक अडकण्याचा धोका मला त्याहून मोठा वाटतो.

आता खर्चाकडे येऊ, कारण हे व्यापाराचे पान आहे. पायथॉनच्या तीन आवृत्त्या आणि विंडोजचे तीन प्रकार सांभाळायचे म्हटले तर प्रत्येक लहानसहान बदल नऊ ठिकाणी तपासावा लागतो. पाच आणि चार म्हटले की वीस. दोन-तीन पोरांच्या दुकानाला हे झेपत नाही. मग ते तपासतच नाहीत आणि गिऱ्हाइकाकडेच तपासणी होते, जशी डाळ मिलमध्ये झाली. सगळे सांभाळतो असे म्हणणारा माणूस प्रत्यक्षात काहीच सांभाळत नसतो. आणि जुन्या यंत्रांसाठी लागलेले तास वार्षिक देखभालीच्या रकमेत सर्वांवर सारखे वाटले जातात. ज्याने गेल्या वर्षी कर्ज काढून नवे यंत्र घेतले, तोही शेजाऱ्याच्या विंडोज ७ चे पैसे भरतो. हा व्यवहार उघड नाही, म्हणून मला तो पटत नाही. जुने चालवायचे असेल तर त्याचा वेगळा आकार बिलात वेगळ्या ओळीत लिहावा. मग गिऱ्हाईक स्वतःच हिशेब करील की तीन वर्षे हा आकार भरण्यापेक्षा यंत्र बदललेले बरे की नाही. अनेकदा त्याचे उत्तर 'नाही' असेल, आणि तो त्याचा हक्क आहे. तो अडाणी आहे म्हणून जुने वापरतो, ही समजूत आधी डोक्यातून काढली पाहिजे. विंडोज ७ ची मुदत १४ जानेवारी २०२० रोजी संपली, विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने यंत्राच्या आतील भागांचीच अशी अट घातली की सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेली, चांगली चालणारी पुष्कळ यंत्रे त्यात बसत नाहीत. केवळ प्रणाली बदलून भागत नाही, यंत्रच नवे घ्यावे लागते. चार संगणकांच्या कचेरीला तो खर्च डोळ्यांत पाणी आणतो.

जुनी आवृत्ती आहे तेथेच गोठवून ठेवावी, तिच्यात काहीच बदलू नये, हा मधला मार्ग काहीजण सुचवतात. आपल्या धंद्यात तो नुसता चालत नाही, कारण कर गोठत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे टप्पे बदलले, बारा आणि अठ्ठावीस टक्क्यांचे बहुतेक जिन्नस पाच आणि अठरामध्ये आले. ई-इनव्हॉइसची मर्यादा ऑक्टोबर २०२० मध्ये पाचशे कोटी उलाढालीपासून सुरू झाली आणि उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ रोजी पाच कोटींवर आली. जुन्या आवृत्तीच्या गिऱ्हाइकालाही हे सर्व लागू आहे. ज्यांनी कराचे दर आज्ञावलीच्या पोटात लिहून ठेवले होते, त्यांना त्या सप्टेंबरमध्ये प्रत्येक आवृत्ती उघडून शिवावी लागली. ज्यांनी दर वेगळ्या तक्त्यात ठेवले होते, त्यांनी नवा तक्ता पाठवला आणि झोपी गेले. माझा तरुणांना आग्रह आहे की जे दरवर्षी बदलते ते भाषेच्या बाहेर ठेवा. दर, मर्यादा, छापील नमुने यांसाठी गिऱ्हाइकाला नवी आवृत्ती घ्यायला लावू नका. मग जुनी आवृत्ती आणखी एखाद-दोन वर्षे सुखाने काढता येते आणि ती सोडण्याचा दिवस तुमच्या सोयीने ठरतो, सरकारच्या अधिसूचनेने ठरत नाही.

आणि सोडतानाही वह्यांचे काय? जीएसटीच्या कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून बहात्तर महिने हिशेब जपून ठेवावे लागतात. आज्ञावली सोडता येते, तिच्यातील हिशेब सोडता येत नाही. नोटीस आली, अधिकाऱ्याने सहा वर्षांपूर्वीची खरेदी मागितली आणि ती फाईल उघडणारी आवृत्तीच कोणत्या यंत्रावर उरली नाही, तर व्यापाऱ्याने काय सांगावे? इनपेजवाल्या छापखान्यांचे दुखणे हेच आहे. त्यांना जुनी आवृत्ती प्रिय आहे असे नाही, त्यांचा वीस वर्षांचा मजकूर तिच्या कुलपात आहे. इनपेज ३ ने युनिकोड आणले तेव्हा ज्यांनी जुन्या फाइली बदलून घेतल्या ते सुटले, ज्यांनी उद्यावर ढकलले ते अजून तेच यंत्र पुसून-पुसून चालवत आहेत. म्हणून कोणतीही आवृत्ती सोडण्यापूर्वी तिच्यातील सर्व हिशेब साध्या, कोठेही उघडेल अशा तक्त्यात काढून गिऱ्हाइकाच्या हाती दिले पाहिजेत. याचे पैसे घेऊ नयेत. ती त्याची अमानत आहे, आपण फक्त सांभाळत होतो.

तरुण मुलांवर मी फार कडक झालो असे वाटत असेल तर त्यांची बाजूही सांगतो. नव्या आवृत्तीचा मोह केवळ हौसेचा नसतो. जुन्या भाषेला जोडलेली इतरांची तयार साधने एकेक करून तिला सोडत जातात. आकडेमोडीच्या मोठ्या साधनांनी तर २०१९ मध्येच साडेतीन वर्षांचा नेम धरला होता, पाच वर्षांची वाट ते पाहत नाहीत. एखाद्या साधनात सुरक्षेचे छिद्र निघाले की दुरुस्ती फक्त नव्या भाषेसाठी येते. शिवाय पुण्या-नागपूरला मुलाखतीस गेल्यावर ३.८ वर काम केले असे सांगणारा मुलगा मागे पडतो. अकोल्यात राहून धंदा करणाऱ्याला ही ओढ दोन्हीकडून आहे. पुढे जावे तर गिऱ्हाईक तुटते, थांबावे तर स्वतःची विद्या गंजते. म्हणूनच आवृत्तीचा निर्णय रात्री एकट्याने, कळफलकासमोर घ्यायचा नाही. तो गिऱ्हाइकांच्या यादीसमोर बसून घ्यायचा.

आमच्या त्या तरुणाने अखेर तेच केले. त्याने आपल्या सर्व गिऱ्हाइकांना फोन करून यंत्रांची यादी केली. चाळीसपैकी सहा ठिकाणी विंडोज ७ निघाले. त्यांच्यासाठी ३.८ ची आवृत्ती येत्या वर्षाच्या जुलैपर्यंत ठेवायची, तिच्यात फक्त कराचे तक्ते आणि चुकांची दुरुस्ती द्यायची, नवी सोय द्यायची नाही, असे ठरले. बिलाच्या तळाशी आता एक ओळ छापलेली असते की ही आज्ञावली अमुक विंडोजवर, अमुक तारखेपर्यंत सांभाळली जाईल. सहापैकी दोघांनी वाढीव आकार मान्य केला, एकाने भांडण काढले, बाकीचे विचार करीत आहेत.

डाळ मिलने मात्र दिवाळीची वाट न पाहता नवे यंत्र घेतले. ते बसवण्याच्या दिवशी मीही होतो. सारे हिशेब नीट आले, ई-वे बिल निघाले, मुनीमजी खूश. मग त्यांनी पावतीसाठी जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर पुढे केला. त्याच्या पंचवीस टाचण्यांच्या रुंद पिनेला नव्या यंत्रात कोठे भोकच नव्हते. तरुणाने माझ्याकडे पाहिले आणि टिळक रोडला जोडणीची केबल आणायला निघाला.